मरीनरची तिसरी दांडी

इतिहासाचं जतन करणं हे सुसंस्कृत समाजाचं पहिलं कर्तव्य आहे, असं मी मानतो. माझ्या वाट्याला आलेला इतिहास सव्वातेरा फूट लांब आहे, मटारच्या सुपासारखा हिरवा आहे, आणि ऑक्टोबर ते एप्रिल त्यात बसलेल्या माणसाला गुडघ्याखाली पाय शिल्लक आहेत की नाहीत हे हात लावून बघावं लागतं. १९६२ सालची हॅलम मरीनर मोटार. ती बनवणारी कंपनी पुढे बुडाली. कुणी म्हणतं संपामुळे, कुणी म्हणतं सरकारमुळे. ज्यांनी हिवाळ्यात मरीनर चालवली आहे, ते या वादात पडत नाहीत.

मरीनरच्या डॅशबोर्डात, रेडिओच्या खाली, हीटरच्या दोन दांड्या असतात. वरची 'थंड'कडून 'गरम'कडे सरकते आणि खालची वारा काचेकडे पाठवायचा की पायांकडे हे ठरवते. १९९४ सालच्या सप्टेंबरातल्या शेवटच्या रविवारी माझ्या बायकोने, ग्वेनने, वरची दांडी 'गरम'कडे सरकवली. दांडी सरकली, सरकतच राहिली, आणि दीड फूट गंजलेली तार मागे ओढत डॅशबोर्डाबाहेर आली. ग्वेनने ती क्षणभर, मेलेला मासा धरावा तशी, दोन बोटांत धरली.

"ही तुझी वाटतं," ती म्हणाली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

बाकीचं ती घरी जेवताना बोलली.

"डेस्मंड, एकोणीस हिवाळे मी त्या गाडीत मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन बसले आहे. पहिल्या वर्षी मला ते प्रेम वाटलं होतं."

"आणि आता?"

"आता मला ती पिशवी वाटते."

मग तिने अट सांगितली. आमच्या हॅलम मोटारधारक संघाची दर वर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी फेरी निघते. चोवीस गाड्या माळरान ओलांडून समुद्रकाठी जातात, पावसात काचा बंद करून तळलेला मासा खातात आणि परत येतात. त्या दिवशी ग्वेनचे पाय गरम राहिले तर मरीनर घरात राहणार. नाही राहिले तर मरीनर विकायची आणि एक जपानी गाडी घ्यायची. "पॉलीनच्या गाडीत एक बटण आहे," ग्वेन म्हणाली. पॉलीन ही तिची बहीण. "ते दाबलं की गरम होतं. बस, एवढंच."

माझ्या तोंडात बटाटा होता म्हणून मी मान हलवली. माणसाने तोंडात बटाटा असताना हलवलेली मान कायद्याने बंधनकारक असते का, हा वादाचा मुद्दा आहे, पण संध्याकाळपर्यंत करार फ्रिजच्या दारावर लागला होता. त्यावर एकच ओळ होती: 'नोव्हेंबरचा शेवटचा रविवार. पाय.'

मी परगण्याच्या कचेरीत पायवाटा विभागात उपअधीक्षक आहे. आमच्याकडे कुंपण ओलांडायच्या एका लाकडी पायरीचं प्रकरण अकरा वर्षं चालू आहे आणि सगळे संबंधित समाधानी आहेत. त्यामुळे दोन महिन्यांची मुदत मला घाईची वाटली, पण अशक्य वाटली नाही. दुसऱ्या शनिवारी मी चिकटवायच्या नळीचं टोपण काढून गाडीत वाकलो. मी त्या क्षणी नळी दाबली असती तर ही हकीगत इथेच संपली असती.

"काय, निघाली वाटतं?"

आमच्या आणि नॉर्मन टॅटरसॉल यांच्या बागेमध्ये झुडपांचं कुंपण आहे. नॉर्मन ते बरोबर खांद्याइतकं कापून ठेवतात, सल्ला देताना मान अवघडू नये म्हणून. वय एकाहत्तर. उभा जन्म मालवाहू जहाजांच्या इंजिनघरात गेलेला.

"चिकटवू नकोस हं," ते म्हणाले. "जहाजावर आम्ही असल्या चिकटवाचिकटवीला काय म्हणायचो, माहीत आहे?"

"काय?"

"काहीच नाही. कुणी करायचंच नाही."

पाच मिनिटांत नॉर्मन कुंपणाच्या अलीकडे, स्वतःची हत्यारांची पेटी घेऊन. त्यांनी मला शास्त्र समजावून सांगितलं. दांडीचा रोग दांडीत नसतो, तो मागच्या पट्टीत असतो. त्या पट्टीपर्यंत हात पोचायचा तर रेडिओ काढावा लागतो. रेडिओ निघायचा तर शेजारचा कप्पा निघायला हवा, कप्प्याचा एक स्क्रू घड्याळाच्या मागे आहे, आणि घड्याळ काढायचं तर स्टिअरिंग आडवं येतं. दुपारी चारपर्यंत माझ्या मरीनरला चेहरा म्हणून राहिला नव्हता. काढलेले सगळे स्क्रू आम्ही, घोटाळा नको म्हणून, ग्वेनच्या बारा खळग्यांच्या पुडिंगच्या साच्यात जातवार लावून ठेवले.

दुसऱ्या दिवशी रविवार. भाजलेलं मांस आलं, बटाटे आले, रस्सा आला. रश्शात बुडवायचं पुडिंग आलं नाही. ग्वेनने माझ्या ताटात पुडिंगच्या आकाराची जागा मोकळी ठेवली.

पट्टीचे तीन तुकडे झाले होते. "नवी लागणार," नॉर्मन म्हणाले, एखाद्या घरी पहिलं मूल झाल्याचं सांगावं तितक्या आनंदाने.

मरीनरचा नवा भाग बत्तीस वर्षांनी दुकानात मिळत नाही. तो एकाच ठिकाणी मिळू शकतो, आणि ते ठिकाण म्हणजे मिसेस बेरिल ओकशॉट यांची पाहुण्यांची खोली. त्यांचे दिवंगत पती सिरिल आमच्या संघाचे संस्थापक. 'अस्सलपणाची पुस्तिका' त्यांनी लिहिली. कुठल्या साली दरवाजाच्या स्क्रूची खाच आडवी असे आणि कुठल्या साली उभी, हे त्या पुस्तिकेत चौसष्ट पानांत सांगितलं आहे, आणि आमच्या संघात ती चर्चमधल्या पुस्तकापेक्षा जास्त वाचली जाते. सिरिल जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचे सुटे भाग खोलीतल्या दोन पलंगांवर, चादरी पांघरून, झोपवल्यासारखे ठेवलेले आहेत.

मी गेलो. चहा झाला. शहाजिऱ्याच्या केकचे दोन तुकडे झाले. मग मिसेस ओकशॉट आत जाऊन बुटांचं एक खोकं घेऊन आल्या. आत पातळ कागदाच्या चार घड्या.

"सिरिल म्हणायचे, बेरिल, हे हीटरचं कुणालाही देऊ नकोस. ज्याला कदर आहे अशा माणसाला दे," त्या म्हणाल्या. "मी तीन वर्षं वाट बघितली, डेस्मंड. कुणी मागायलाच आलं नाही."

मी कागद उलगडला. पट्टी झकास होती, निकेल चकचकीत होतं, तारा नव्या होत्या. आणि दांड्या तीन होत्या.

एखाद्या परदेशी माणसाने सरळ सांगितलं असतं, "बाई, माझ्या गाडीला दोनच आहेत," आणि केकचा तिसरा तुकडा उचलला असता. माझ्यावर वेगळे संस्कार झालेले आहेत. मी त्या म्हातारीच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणालो, "अगदी हेच."

त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला. एकदा खोटं बोललं की ते उघडं दिसू नये म्हणून त्याला कपडेही घालावे लागतात. तेव्हा मी पुढे म्हणालो, "इतक्या उत्तम अवस्थेतलं मी पाहिलंच नव्हतं." हे मात्र खरं होतं. मी कुठल्याच अवस्थेतलं पाहिलं नव्हतं.

"मग एक मागू?" त्या म्हणाल्या. "यंदाच्या फेरीत मी तुमच्या गाडीत पुढे बसू का? ती दांडी मला माझ्या हाताने ओढायची आहे. सिरिलसाठी."

"आम्हालाच आनंद होईल," मी म्हणालो. आमच्याकडे हे वाक्य सुटकेचे सगळे मार्ग तपासून झाल्यावर म्हणतात.

घरी आल्यावर मी ग्वेनला हे शक्य तितक्या हलक्या आवाजात सांगितलं.

"त्या पुढे बसणार," ती म्हणाली.

"हो."

"आणि मी?"

"मागे ऐसपैस जागा आहे गं."

ग्वेनने पेन्सिल घेतली आणि फ्रिजवरच्या करारात आणखी एक ओळ घातली: 'कुठेही बसले तरी.'

आता दोन दांड्यांच्या भोकात तीन दांड्या बसवायच्या होत्या. नॉर्मनना यात काही विशेष वाटलं नाही. "दोन मिलिमीटर घासलं की बसेल," ते म्हणाले आणि बारा मिलिमीटर घासलं. शिवाय तिसऱ्या दांडीला जोडायला मरीनरमध्ये काही नव्हतंच. ती नुसतीच इकडून तिकडे सरकायची, आमच्या कचेरीतल्या फायलीसारखी. इथे नॉर्मनना स्फूर्ती झाली. त्यांनी ग्वेनच्या कचरा ओढायच्या यंत्राची जुनी लवचिक नळी मागवली, मागवली म्हणजे मला आणायला लावली, हीटरला तिसरं तोंड पाडलं, त्यावर झडप बसवून ती तिसऱ्या दांडीला जोडली, आणि नळी गालिच्याखालून मागच्या सीटपर्यंत नेली. तिसरी दांडी ओढली की ऊब मागे जाणार. बायकोसाठी स्वतंत्र दांडी. मला भरून आलं.

गाडीचा चेहरा परत बसवताना काही किरकोळ बदल झाले. रेडिओ आता फक्त डावीकडे वळताना लागतो, आणि राखेची वाटी उघडली की भोंगा वाजतो. पण हीटर चालला. नॉर्मन स्वतः मागे बसले, मी तिसरी दांडी ओढली, आणि सात मिनिटांत ते तिथे झोपी गेले. याहून मोठं प्रमाणपत्र कुणी मागणार नाही असं मला वाटलं.

विमा कंपनीने मागितलं.

त्याच आठवड्यात विम्याच्या नूतनीकरणाचा अर्ज आला होता. त्यात प्रश्न होता: 'वाहनात काही बदल केला आहे काय?' शहाणा माणूस इथे 'नाही' लिहितो. मी सरकारी नोकर आहे, मी फोन केला. अठरा मिनिटं सनई-चौघड्याच्या इंग्रजी अवताराचं संगीत ऐकवल्यावर एक आनंदी बाई बोलल्या.

"मिस्टर पिलिंग, मी तुम्हाला डेस्मंड म्हटलं तर चालेल ना?"

"चालेल की," मी म्हणालो. चालत नव्हतं.

"तर डेस्मंड, बदल कशात केला? इंजिनात, चाकांत, की सांगाड्यात?"

"हीटरच्या दांड्या बदलल्या."

"त्याने गाडीचा वेग वाढतो का?"

"नाही. पाय गरम होतात."

कळफलक बडवल्याचा आवाज आला. "माझ्याकडे पायांचा रकाना नाही, डेस्मंड. 'कार्यक्षमतेत वाढ' टाकू का?"

"नको. कुणाचीच कार्यक्षमता वाढलेली नाही."

शेवटी ठरलं असं: गाडी ठरावीक मूल्याची जुनी गाडी म्हणून विम्यात राहायची असेल तर दांड्या अस्सल असल्याचं संघाचं पत्र हवं. पत्र नसेल तर विमा नाही, विमा नसेल तर गाडी रस्त्यावर नाही. आणि गाडी रस्त्यावर नसेल तर शेवटच्या रविवारी ग्वेनचे पाय कुठल्या गाडीत असणार, हे फ्रिजवर लिहिलेलंच होतं.

संघाचे अस्सलपणा-तपासनीस लायनेल प्रेवेट. निवृत्त दंतवैद्य. ते डॅशबोर्डाखाली बघायला अजून आपला दात तपासायचा तोच छोटा आरसा वापरतात आणि बघताना तोंडातल्या तोंडात गुणगुणतात. गुणगुणणं थांबलं की समोरच्याने खुर्ची घट्ट धरावी. त्या दिवशी ते माझ्या गाडीत वाकले, आरसा आत घातला, आणि तिसऱ्या दांडीशी गुणगुणणं थांबलं.

"रोचक," ते म्हणाले.

मी गाडीचं दार घट्ट धरलं.

"अतिशय रोचक, पिलिंग."

आमच्या संघात 'रोचक' म्हणजे चूक आणि 'अतिशय रोचक' म्हणजे गुन्हा. १९७९ साली एका सभासदाच्या आरशाला ते 'विलक्षण' म्हणाले होते. तो माणूस पुढे कॅनडाला गेला.

"बासष्टच्या मरीनरला दोन दांड्या," प्रेवेट आरसा पुसत म्हणाले. "पुस्तिकेचं पान एकतीस. हा भाग कुठून पैदा केलात?"

"मिसेस ओकशॉट यांनी दिला. सिरिलनी राखून ठेवला होता."

प्रेवेटनी आरसा खिशात ठेवला. परत काढला. परत ठेवला. ज्या माणसाने पान एकतीस लिहिलं त्यानेच हा भाग पातळ कागदात गुंडाळून ठेवला होता. आता एक तर सिरिलना कळत नव्हतं, किंवा पुस्तिका चुकली होती. आणि यातलं कुठलं तरी एक जाऊन बेरिलला सांगणं भाग होतं.

"तुम्ही त्यांना काय म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"अगदी हेच, म्हणालो."

"मीही तेच म्हणालो असतो," प्रेवेट म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाबद्दल मला आपुलकी वाटली.

प्रकरण कार्यकारिणीकडे गेलं. पबच्या माडीवर सात जणांची बैठक झाली. मला साक्षीला बोलावलं होतं, पण कुणी काही विचारलं नाही, फक्त शेंगदाण्यांची बशी माझ्याकडे सरकवत राहिले.

"प्रश्न दांड्यांचा नाही," प्रेवेट म्हणाले. "प्रश्न बेरिलचा आहे. त्यांना जाऊन कोण सांगणार?"

सातही जणांनी आपापल्या ग्लासात बघितलं. ग्लासांत स्वयंसेवक सापडला नाही.

"समजा," अध्यक्ष हळूच म्हणाले, "समजा बासष्टच्या मरीनरला तीन दांड्या असत्याच."

"पण नव्हत्या."

"समजा म्हणतोय मी."

पावणेदहाच्या सुमारास ठराव एकमताने मंजूर झाला: १९६२ सालच्या हॅलम मरीनरला हीटरच्या तीन दांड्या होत्या, आणि ही गोष्ट संघाला पूर्वीपासूनच माहीत होती. पान एकतीसवरचा मजकूर हा छापखान्याचा दोष. महायुद्धं झाली, साम्राज्य गेलं, पण इतक्या थोड्या शेंगदाण्यांत इतिहास बदललेला मी पाहिला नाही.

मला पत्र मिळालं. विमा कंपनीने माझ्या कागदावर लिहिलं, 'बदल: काहीही नाही.' दांड्या बदलल्या, हे त्या साऱ्या अर्जात मी केलेलं एकमेव खरं विधान होतं, आणि तेवढंच खोडलं गेलं.

पण ठराव झाला की त्याचे परिणाम होतात, हे पायवाटा विभागात आम्ही कायम लक्षात ठेवतो आणि म्हणून ठराव करत नाही. संघात बासष्टच्या मरीनर नऊ होत्या. माझी अस्सल ठरताच बाकीच्या आठ एका रात्रीत नकली झाल्या. हिवाळी फेरीच्या आधी तपासणी असते, दांडी कमी म्हणजे गुण कमी. बत्तीस वर्षं ज्यांनी डॅशबोर्डावर साधा ओरखडा येऊ दिला नव्हता, ते गृहस्थ गॅरेजात कानस घेऊन उतरले. त्यांतलेच एक, ओक्स नावाचे वकील, मला रस्त्यात भेटले. पूर्वी टोपी उचलायचे. आता टोपी उचलली, पण नेहमीपेक्षा अर्धा इंच कमी. त्या अर्ध्या इंचाने मला आठवडाभर झोप आली नाही.

मिसेस ओकशॉटकडे दुसरा संच नव्हता. तेव्हा नॉर्मननी आपल्या शेडमध्ये नमुना समोर ठेवून आठ संच बनवले. तिसरी दांडी कशाला जोडायची, असं लोकांनी विचारलं तर ते म्हणायचे, "जोडायची कशाला? अस्सलमध्ये तरी कुठे जोडलेली असते?" प्रेवेटची स्वतःची गाडीही बासष्टचीच. त्यांनी आपला डॅशबोर्ड दात कोरायच्या यंत्राने कोरला. सगळ्यांत सफाईदार काम त्यांचं झालं, असं म्हणतात. मी बघायला गेलो नाही. माझ्यात तेवढी लाज शिल्लक आहे.

शेवटचा रविवार उजाडला. सगळीकडे पांढरं दव, आकाश शिशाचं. पुढे मिसेस ओकशॉट, डोक्याला पीस खोचलेली टोपी, मांडीवर ते बुटांचं रिकामं खोकं. मागे ग्वेन, आणि करार म्हणजे करार म्हणून, गरम पाण्याच्या पिशवीशिवाय. गालिच्याखालच्या नळीचं तोंड बरोबर तिच्या बुटांसमोर होतं. ते मी तिला दाखवलं.

"आणि ही तुझी दांडी," मी हळूच म्हणालो. "तिसरी. मी सांगेन तेव्हा त्या ओढतील."

"बघू या," ग्वेन म्हणाली. पण ती हसली होती. गाडीकडे बघून ती हसली, हे मी शपथेवर सांगू शकतो.

चढ लागला. इंजिन तापलं. संस्थापकांच्या विधवेने हातमोजा काढला, डोळे मिटले आणि वरची दांडी ओढली. पुढे अशी काही ऊब आली की काचेवरचं दव वितळून पळालं. मग खालची. पाय शेकले. मिसेस ओकशॉटनी रुमाल काढला. "सिरिल असते तर," एवढंच म्हणाल्या. मला स्वतःबद्दल बरं वाटायला लागलं होतं.

मागून ग्वेनने घसा साफ केला.

"मिसेस ओकशॉट," मी म्हणालो, "आता ती तिसरी, तुमची हरकत नसेल तर."

"ही? छे, ही नको," त्या म्हणाल्या आणि दांडीवर अलगद हात ठेवला. "ही उगीच ओढायची नाही. ही पावांची आहे."

"कसली?"

"पावांची. मागचे पाव गरम ठेवायला. हा संच माझ्या भावाच्या बेकरीच्या गाडीतला ना. गाडी भंगारात गेली तेव्हा सिरिलनी एवढा काढून घेतला. म्हणाले, किती सुबक काम आहे बघ, मरीनरवाल्यांना असलं कधी जमलं नाही." त्यांनी दांडी रुमालाने पुसली. "त्यांना फार जपायची होती ही. मी म्हणायचे ओढून बघू, तर म्हणायचे, बेरिल, मागे पाव नसताना कशाला?"

माझ्या मागे आठ गाड्यांत आठ सभ्य गृहस्थ पावांची दांडी बसवून येत होते.

मला डावा हात लांब करून ती दांडी ओढता आली असती. अंतर फूटभर. पण दांडीवर हात होता, हाताखाली रुमाल होता, आणि रुमाल त्या दिवशी डोळ्यांना लावलेला तोच होता. मी आरशात ग्वेनकडे पाहिलं. एक शब्द, मनात म्हणालो. तू म्हण, मला थंडी वाजते.

मिसेस ओकशॉट वळल्या. "ग्वेन, तू मागे गारठली नाहीस ना? सांग हं तसं असलं तर."

"मी?" ग्वेन म्हणाली. तिचे ओठ जांभळे होते. "मुळीच नाही, बेरिल. मस्त आहे इथे."

जाताना एकोणतीस मैल आणि येताना एकोणतीस मैल. मधे मासा खाल्ला. परतीच्या वाटेवर माळरानावर बर्फ भुरभुरायला लागलं, तेव्हा मिसेस ओकशॉटना फार उकडलं आणि त्यांनी काच चार बोटं खाली केली. ग्वेन म्हणाली, छान वाटतंय.

घरी आल्यावर ग्वेनने पाय टबात सोडले आणि मी किटलीने पाणी ओतत राहिलो.

"बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"काय बोलणार होते? त्यांना? त्या दांडीबद्दल?"

मी विचार केला. "खरं आहे. नाहीच बोलता यायचं."

"तू तरी का नाही ओढलीस?"

"त्यांचा हात होता."

"हो. तेही खरंच," ग्वेन म्हणाली.

गाडीच्या बाबतीत एकोणीस वर्षांत आमचं इतकं एकमत कधी झालं नव्हतं. पण करारात सभ्यतेबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. पाय लिहिलेले होते.

संघाच्या मासिकात जाहिरात दिली. 'तीन दांड्या, तपासनीसांच्या पत्रासह.' आठ दिवसांत माल्टाहून सल्वू झॅमिट नावाच्या एका दवाखान्याच्या व्यवस्थापकाचं पत्र आलं. त्यांना पूर्ण अस्सल मरीनरच हवी होती, आणि पान एकतीसची सुधारित आवृत्ती त्यांनी मागवून वाचली होती. जानेवारीत गाडी बोटीने गेली. ती ट्रकवर चढली तेव्हा नॉर्मन कुंपणापलीकडे टोपी काढून उभे होते. ट्रक डावीकडे वळला आणि गाडीच्या रेडिओवर थोडा वेळ हवामान ऐकू आलं.

मार्चमध्ये झॅमिट यांचं दुसरं पत्र आलं. गाडी उत्तम पोचली आहे, बायकोला रंग आवडला आहे. माल्टात लागत नाही म्हणून त्यांनी हीटर दांड्यांसकट काढून टाकला आहे आणि त्या जागी पंखा बसवला आहे.